साच्यातली बिस्किटं आणि आपले अडीच तास

आम्ही अंधेरी पूर्वेच्या एका गावठाणातल्या बायका बोलतोय. मुंबईत कसलं गावठाण, असं तुमच्यातल्या कुणाच्या मनात येईल. पण आहेत. मरोळ, चकाला, सहार, आंबोली ही सगळी जुनी गावं. चारी बाजूंनी टॉवर उठले, वरून विमानं जायला लागली, मेट्रो आली, तरी मधोमध कौलारू घरं, अरुंद गल्ल्या आणि क्रूस अजून आहेत. आमच्या गटात अर्ध्या बायका ख्रिस्ती आहेत, बाकीच्या कोकणातून आणि घाटावरून लग्न होऊन आलेल्या. गेल्या दोन हिवाळ्यांपासून आम्ही नाताळाची साच्यातली बिस्किटं घरी भाजतो आणि विकतो. त्याबद्दल बोला, असं रेडिओच्या ताईंनी सांगितलं म्हणून आज आलोय.

आधी थोडी ओळख. आमच्यातल्या ख्रिस्ती बायकांच्या समाजाला ईस्ट इंडियन म्हणतात. नाव इंग्रजी, पण घरातली भाषा मराठीच, आपल्या वळणाची. ही माणसं इथली मूळची, कोळी, भंडारी, कुणबी अशा घरांतली. पोर्तुगीज १५३४ साली वसईला आणि या साष्टी बेटावर आले, त्यानंतर ती ख्रिस्ती झाली. पुढे इंग्रजांच्या काळात गोव्याचे आणि मंगळूरचे ख्रिस्ती नोकरीला मुंबईत यायला लागले, तेव्हा आपण इथलेच हे वेगळं दिसावं म्हणून १८८७ साली यांनी हे नाव घेतलं. व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला त्या वर्षी पन्नास वर्षं झाली होती.

या घरांतलं नाताळाचं ताट पाहिलंत तर तुम्हाला परकं वाटणार नाही. नेवऱ्या म्हणजे आपल्या करंज्याच. कुलकुल म्हणजे गोड पिठाची गोळी काट्यावर किंवा नव्या कंगव्यावर दाबून गुंडाळायची आणि तळायची. शंकरपाळीची चुलत बहीण म्हणा. काजूचं मार्झिपान साच्यात दाबतात, दुधाचं मिल्क क्रीमही साच्यात. पेरूचं चीज असतं, थाळीत भाजलेला रव्या-खोबऱ्याचा केक असतो. आणि बिस्किटं. दिवाळीला आमच्या घरचं फराळाचं ताट त्यांच्याकडे जातं, नाताळाला त्यांचं आमच्याकडे येतं. ताट रिकामं परत करायचं नाही हा नियम दोन्हीकडे सारखाच.

बिस्किटं पूर्वी कुणी घरी भाजत नव्हतं. घरी पीठ तयार करायचं, चांदण्या, घंटा, मासे, होड्या कापायच्या, पत्र्याच्या ट्रेमध्ये मांडायच्या आणि गल्लीच्या तोंडाशी असलेल्या बेकरीत नेऊन द्यायच्या. तुमच्याकडेही दिवाळीत नानकटाईचं असंच करतात, तालुक्याच्या बेकरीत रवा, मैदा, तूप, साखर घेऊन रांग लावतात. इथे पावाची भट्टी पहाटे पेटायची. पाव निघाले की भट्टीची आग उतरायला लागते, आणि त्या उतरत्या आगीत बिस्किटं घालायची. पावाला कडक आग लागते, बिस्किटाला मऊ. म्हणून वेळ सांभाळावी लागायची. प्रत्येक ट्रेवर नावाची चिठ्ठी. भाजणावळ दिली की झालं. वीस ट्रे असोत की तीस, एका खेपेत काम.

मग जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शहराच्या हवेच्या प्रश्नावर आदेश दिला. लाकूड आणि कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांनी सहा महिन्यांत गॅस किंवा दुसऱ्या स्वच्छ इंधनावर जावं असं त्यात होतं. आम्ही त्याच्या विरोधात बोलणार नाही. भट्टीचा धूर आमच्याच खिडक्यांतून आत यायचा, आणि चुलीचा धूर काय करतो हे तुम्हाला आम्ही सांगायला नको. पण भट्टी बदलायला पैसा लागतो. आमच्या गल्लीतल्या बेकरीवाल्याने हिशेब केला आणि शटर ओढलं. त्यानंतर डिसेंबर आला, पीठ घरात आणि भट्टी नाही. गटाच्या बचतीतून आम्ही विजेचा एक छोटा ओव्हन घेतला, तीस लिटरचा. तिथून हे सुरू झालं.

आता पिठाकडे येऊ, कारण सगळ्यात जास्त प्रश्न तिथेच येतात. कापताना चांदणीची पाच टोकं छान दिसतात आणि ओव्हनमधून निघतं ते बटाट्याच्या चकतीसारखं. असं का होतं?

बिस्कीट गरम झालं की त्यातलं लोणी आधी वितळतं, आणि मैदा बांधला जातो तो नंतर. या मधल्या वेळात बिस्कीट पसरतं. म्हणून सगळी धडपड एकाच गोष्टीसाठी असते, लोणी उशिरा वितळावं आणि पीठ लवकर धरावं. बिस्कीट आत जाताना गार हवं, ओव्हन मात्र आधीच तापलेला हवा. सोडा आणि बेकिंग पावडर साच्याच्या बिस्किटात आम्ही घालतच नाही. त्याने बिस्कीट फुलतं, आणि फुललेल्या चांदणीला टोकं राहत नाहीत. ज्यांना खुसखुशीत फुललेलं आवडतं त्यांनी नानकटाई करावी, तिला आकार नुसता गोलच लागतो.

पेन्सिल असेल तर लिहून घ्या, आम्ही सावकाश सांगतो. मैदा २५० ग्रॅम. बिनमिठाचं लोणी १२५ ग्रॅम. पिठीसाखर ११० ग्रॅम. मीठ चिमूटभर. वेलदोड्याची पूड पाव चमचा, नाहीतर थोडं जायफळ. थंड दूध दोन मोठे चमचे, लागलं तर तिसरा. अंडं आम्ही घालत नाही, त्याचं कारण पुढे विकण्याच्या वेळी सांगू.

लोणी आणि साखर एकत्र करायची, पण केकसारखी फेसायची नाही. फेसलं की हवा भरते आणि हवा भरली की पसरतं. नुसतं एकजीव झालं की पुरे. मग मैदा, मीठ, वेलदोडा घालून बोटांनी चोळा, आणि चमच्याचमच्याने दूध घालत गोळा करा. इथे हात आवरा! आपल्याला पोळीच्या कणकेची सवय, तिंबून तिंबून मऊ करायची. बिस्किटाचं पीठ तिंबलं तर मैद्याला चिवटपणा येतो, कापलेला आकार आखडतो आणि भाजल्यावर दाताला कडक लागतं. गोळा जमला की थांबायचं.

गोळा फ्रिजमध्ये ठेवून मग लाटायचा असं पुस्तकात असतं. आमचं मत वेगळं आहे. गार झालेला गोळा दगडासारखा होतो आणि लाटताना कडा फुटतात. आम्ही आधी लाटतो, मग गार करतो. दुधाची रिकामी पिशवी स्वच्छ धुवून, पुसून दोन बाजूंनी कापली की मोठा चौकोन मिळतो. असे दोन चौकोन घ्यायचे, मध्ये पीठ ठेवून लाटायचं. वरून मैदा भुरभुरावा लागत नाही, पोळपाटाला चिकटत नाही. जाडी सगळीकडे सारखी यावी म्हणून पिठाच्या दोन बाजूंना अर्धा सेंटीमीटर जाडीच्या दोन लाकडी पट्ट्या ठेवा. लाटणं त्या पट्ट्यांवरून फिरलं पाहिजे. सुतार अशा पट्ट्या उरलेल्या लाकडातून फुकट देतो. जाडी सारखी नसेल तर एकाच ट्रेमध्ये अर्धी बिस्किटं करपतात आणि अर्धी कच्ची राहतात, आणि दोष ओव्हनला दिला जातो. लाटलेला पापुद्रा पिशव्यांसकट ताटावर घालून फ्रिजमध्ये ठेवला की वीस मिनिटांत गार होतो. गोळ्याला दीड तास लागतो.

ज्यांच्याकडे फ्रिज नाही त्यांना आमच्यापेक्षा एक मोठी सोय आहे, ती म्हणजे थंडी. मुंबईत डिसेंबरच्या दुपारीही लोणी वाटीत पाण्यासारखं होतं. तुमच्यातल्या ज्या निफाडकडच्या किंवा महाबळेश्वराच्या बाजूच्या आहेत त्यांच्याकडे पहाटे लोणी सुरीने कापावं लागतं. पहाटेच लाटा, पहाटेच कापा. बाकी महिन्यांत परातीत माठाचं पाणी घालून त्यावर ताट ठेवा.

घरचं लोणी असेल तर फारच चांगलं, चवीला विकतचं त्याच्या जवळपास येत नाही. फक्त त्यात ताक राहता कामा नये. दोन-तीन पाण्यांतून धुवा आणि दाबून पाणी काढा, नाहीतर पीठ सैल होतं. तूप वापरायचं झालं तर १२५ ऐवजी १०० ग्रॅम घ्या, कारण लोण्यात थोडं पाणी असतं आणि तुपात नसतं. तुपाचं पीठ कापताना कडेला चिरतं. त्याला नाजूक टोकांचे साचे नकोत, गोल किंवा पान बरं. वनस्पती तुपाने आकार सगळ्यात चांगला राहतो, कारण ते उशिरा वितळतं. बेकरीवाले म्हणूनच ते घेत. आम्ही घेत नाही, खाल्ल्यावर टाळूला चिकटतं आणि लोण्याची चव येत नाही. पण स्वस्त पडतं हे खरं आहे.

नाचणीचं काय, असं नेहमी विचारलं जातं. वांद्र्याच्या बाजूला महालक्ष्मी सरसचं प्रदर्शन भरतं, तिथे गावाकडच्या गटांची नाचणीची बिस्किटं आम्ही खाल्ली आहेत आणि ती आमच्यापेक्षा चांगली होती. साच्यासाठी मात्र सगळी नाचणी चालत नाही. नाचणीला चिकटपणा नाही, उचलताना चांदणीचं टोक हातात येतं. एक भाग नाचणी आणि दोन भाग मैदा किंवा बारीक चाळलेली कणीक असं धरा. गुळाची पूड घालणार असाल तर थोडीच घाला. गूळ ओल धरतो आणि लवकर काळा पडतो.

कापण्याचे साचे क्रॉफर्ड मार्केटच्या आसपासच्या दुकानांत मिळतात, ढिगाने. पण त्यासाठी मुंबईला यायची गरज नाही. करंजीचं कातणं तुमच्याकडे आहेच, कुणी त्याला फिरकी म्हणतं. जाड पुठ्ठ्याचा आकार कापा, त्यावर दुधाच्या पिशवीचा तुकडा गुंडाळा, पिठावर ठेवा आणि कडेने कातणं फिरवा. कडेला नक्षी आपोआप येते, विकतच्या साच्याला ती येत नाही. गोल हवं तर वाटी आहे, अर्धचंद्र हवा तर वाटी अर्धी सरकवून दाबायची. आकाराची गोष्ट आपल्या बायकांना काय नवीन! गुढीपाडव्याच्या साखरेच्या गाठी साच्यातूनच येतात, आणि रुखवतात तुम्ही साखरेची आणि पिठाची काय काय चित्रं मांडता ती आम्ही सासरी-माहेरी पाहिली आहेत. पोळ्याला बैल कापा. आमच्याकडे कोळीवाड्यातल्या मुलांना मासा लागतो, आणि चांदणी तर सगळ्यांनाच. गावठाणात दिवाळीचा आकाशकंदील उतरतो तोच नाताळची चांदणी चढते. काही घरी तर दोन्हीला एकच चालवतात.

कापून उरलेलं पीठ गोळा करून पुन्हा लाटता येतं, पण दोनदाच. तिसऱ्यांदा ते चिवट होतं. त्याच्या शेवटच्या तुकड्यांची छोटी शंकरपाळी कापा आणि पोरांना द्या.

भाजायचं १७० डिग्रीवर, दहा ते बारा मिनिटं. ओव्हन दहा मिनिटं आधी लावा. बिस्कीट वरून पांढरट दिसतं आणि कडेला फक्त सोनेरी रेघ येते, तेव्हा काढायचं. हाताला मऊ लागेल. मऊ आहे म्हणून परत आत घालू नका. ते गार होताना कडक होतं. पाच मिनिटं ट्रेमध्येच राहू द्या, मग जाळीवर किंवा स्वच्छ कापडावर काढा.

ओव्हन नाही त्यांच्यासाठी. जाड बुडाचं मोठं पातेलं किंवा लोखंडी कढई घ्या. तळाला दीड-दोन वाट्या जाड मीठ पसरा, त्यावर लोखंडी कडं किंवा उलटी वाटी ठेवा. झाकण घालून मध्यम आचेवर दहा मिनिटं तापवा. मग तूप लावलेल्या ताटलीत पाच-सहा बिस्किटं अंतर ठेवून मांडा आणि ताटली आत ठेवा. झाकण, मंद आच, पंधरा ते अठरा मिनिटं. बारा मिनिटांच्या आत झाकण उघडू नका. यात खालून रंग आधी येतो आणि वरून येतच नाही, त्यामुळे वरचा रंग बघत बसलात तर तळ करपेल. एक बिस्कीट उचलून खालून बघा. तेच मीठ पुन्हापुन्हा याच कामाला वापरता येतं, भाजीत घालायचं नाही. प्रेशर कुकर काहीजणी वापरतात, शिट्टी आणि रिंग काढून. रिकामा तापवून कुकर खराब होतो, म्हणून आम्ही तो सुचवणार नाही. नॉनस्टिक भांडंही नको.

सजावट थोडक्यात सांगतो. बाहेरच्या देशांत अंड्याच्या पांढऱ्या बलकात साखर घोटून लावतात. कच्चं अंडं आपल्या उन्हात नको. १०० ग्रॅम पिठीसाखरेत तीन-चार छोटे चमचे पाणी आणि लिंबाच्या रसाचे काही थेंब पुरतात. पाणी थेंबाथेंबाने. बिस्कीट पूर्ण गार झाल्याशिवाय लावायचं नाही. मेंदीचा कोन करता येतो ना? तसाच कोन करायचा, आणि हात मेंदीसारखाच चालवायचा. आमच्यातली जी मुलगी लग्नाची मेंदी काढते तिच्या घंटा सगळ्यात सुंदर होतात. रात्रभर सुकू द्या, मगच डबा बंद करा. हवाबंद डब्यात दोन-तीन आठवडे छान राहतात, दमट हवेत उघडी ठेवलीत तर एका दिवसात लोळतात.

आता हिशेब. खरं म्हणजे आम्ही यासाठीच आलोय.

वर सांगितलेल्या मापात साधारण पस्तीस बिस्किटं होतात. त्यातली दोन-तीन तुटतात, म्हणून सोळा-सोळाचे दोन डबे धरा. एका डब्यात दोनशे ग्रॅमच्या आसपास माल. गेल्या डिसेंबरात आमचा खर्च असा होता. मैदा १२ रुपये. लोणी ७५. साखर, सजावटीची धरून, १२. दूध, वेलदोडा, मीठ, लिंबू मिळून ६. झाले १०५. वीज साधारण एक युनिट, १० रुपये. दोन डबे ३० रुपये. एकूण १४५. म्हणजे एका डब्याला साडेबहात्तर.

गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, घरचंच तर आहे, ११० ला द्या. वरवर पाहिलं तर डब्यामागे साडेसदतीस सुटतात, वाईट काय आहे? दोन डब्यांचे ७५ रुपये. पण घड्याळ लावून बघा. पीठ करायला पाव तास. लाटणं, कापणं पाऊण तास. भाजायला तीन ट्रे, समोरून हलता येत नाही. एकेका बिस्किटावर साखर लावायला एक मिनिट धरलं तरी पस्तीस मिनिटं. मग भरणं, भांडी घासणं. अडीच तास सरळ जातात. ७५ रुपयांना अडीच तास, म्हणजे तासाला तीस रुपये. आमच्या गल्लीत कुणी तीस रुपये तासाने लादी पुसायला येणार नाही, आणि येऊही नये.

भट्टी होती तोवर हे कुणाच्या लक्षात यायचं कारणच नव्हतं. भाजणावळ हातात मोजून द्यावी लागायची, ती खर्चात यायची. लाटणं, कापणं, साखर लावणं हे घरचं काम, त्याचं कुणी मोजलं नाही. बेकरीवाल्याच्या अर्ध्या तासाला दाम होता, बाईच्या दोन तासांना नव्हता. तो भाजण्याचा अर्धा तासही आमच्याच अंगावर आला तेव्हा गटाच्या बैठकीत एकीने विचारलं की मग भाजणावळ आता कुणाला द्यायची? त्यावर जी चर्चा झाली ती दोन बैठका चालली.

एक मावशी, वयाने सगळ्यात मोठ्या, त्या म्हणाल्या की नाताळचं ताट विकायची वस्तू नाही. शेजाऱ्याला द्यायच्या गोष्टीला भाव लावला की सण संपला. त्यांचं म्हणणं आम्हाला पटलं आणि पटलंही नाही. शेवटी ठरलं ते असं. प्रत्येकीच्या घरचा पहिला घाणा शेजारीपाजारी जातो, त्याचा हिशेब होत नाही, त्याला वहीत जागाच नाही. दुसऱ्या घाण्यापासून सगळं वहीत, आणि वहीत पहिली ओळ वेळेची. तासाला ८० रुपये लावले. अडीच तासांचे २००. वरचे १४५ मिळवले की ३४५. एका डब्याला साडे एकशे बहात्तर. आम्ही डबा २०० ला देतो. दोन डब्यांमागे जे ५५ उरतात ते गटाचे, त्यातून रिक्षाभाडं, तुटफूट आणि ओव्हनची दुरुस्ती.

तुमच्याकडे ८० लावता येणार नाहीत, हे आम्हाला ठाऊक आहे. तुमच्या गावात निंदणी-खुरपणीचा बायकांचा जो रोज चालतो त्याला कामाच्या तासांनी भागा. त्याच्या खाली जायचं नाही. तेवढ्यात बिस्कीट खपत नसेल तर शेतात गेलेलं बरं, निदान कमरेला ओव्हनची धग तरी लागत नाही.

महाग म्हणून गिऱ्हाईक जातं का? जातं. विलेपार्ल्याला १९२९ साली पार्ले कंपनीचा कारखाना निघाला, लोकल पार्ल्यावरून जाताना डब्यात बिस्किटाचा गोड वास भरायचा, आमच्यातल्या बऱ्याचजणी त्या वासावर स्टेशन ओळखायच्या. २०१६ साली तो कारखाना बंद झाला, पण पाच रुपयांचा पुडा अजून कोपऱ्यावर मिळतो. त्याच्याशी आपली बरोबरी नाही. कारखान्याचं यंत्र एका मिनिटात जेवढी बिस्किटं कापतं तेवढी आपण महिन्यात कापणार नाही. पुडा रोजच्या चहाचा, आपला डबा सणाचा. ज्याला चहाबरोबर बुडवायला हवं आहे त्याला आम्ही सरळ सांगतो, कोपऱ्यावरचा घ्या. मुलीच्या नावाचं अक्षर कापून हवं, होडी हवी, पाहुण्याला द्यायचं आहे, असा जो येतो तो २०० ला कुरकुरत नाही. फार कोरीव सजावट मागितली तर डब्यावर नाही, नगावर दर सांगतो, कारण तिथे एकेका बिस्किटाला पाच-सहा मिनिटं जातात.

आणखी एक गोष्ट हिशेबातून कळली. चौघी बसल्या म्हणून काम चौपट वेगाने होत नाही. एका किलो मैद्याची एकशेचाळीस बिस्किटं, आमच्या ओव्हनमध्ये एका वेळी चौदा मावतात, म्हणजे दहा ट्रे, दोन-अडीच तास. चौघी कापून मोकळ्या होतात आणि ओव्हनकडे बघत बसतात. भट्टी ती वीस ट्रे एकदम गिळायची. म्हणून आता आदल्या दिवशी दोघी कापून, ताटांत रचून गार ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी एकटीच भाजते. भाजता भाजता ती डबे पुसते. दुसरा ओव्हन घ्यायचा विचार आला तेव्हा वायरमनने सांगितलं, एकाच लाइनवर दोन लावू नका. ओव्हनला पंधरा अँपिअरचा जाड पिनांचा प्लग लागतो, साध्या एक्स्टेन्शनवर तो लावायचाच नाही. गावाकडे व्होल्टेज वरखाली होतं तिथे तर आधी वायरमनला दाखवा, मग ओव्हन घ्या.

विकायचं असेल तर अन्न सुरक्षा खात्याची, म्हणजे एफएसएसएआयची नोंदणी हवी. लहान उत्पादकाला साधी नोंदणी पुरते, वर्षाची फी १०० रुपये भरली आहे आम्ही. चौदा आकडी नंबर येतो, तो डब्यावर छापायचा. शिवाय पदार्थाचं नाव, काय काय घातलं आहे, वजन, कधी केलं आणि कधीपर्यंत खावं. अंडं नसेल तर हिरवा ठिपका. अंडं घातलं तर मांसाहाराची तपकिरी त्रिकोणाची खूण लागते, आणि मग अर्धी गिऱ्हाइकं डबा खाली ठेवतात. अंडं न घालण्याचं आमचं कारण हेच. चर्चच्या आवारात नाताळाआधीच्या रविवारी टेबल मांडलं तेव्हा शेजारच्या सोसायटीतल्या गुजराती बायकांनी हिरवा ठिपका बघूनच डबे उचलले.

काही मैत्रिणींनी रेडिओकडे आधीच प्रश्न पाठवले होते, त्यातल्या दोघींना उत्तर देतो. एकीने विचारलंय की बिस्कीट दुसऱ्या दिवशी मऊ पडलं, आता काय करू. फेकू नका. साखर लावली नसेल तर मंद आचेवर चार-पाच मिनिटं परत भाजा आणि पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा. कोमट भरलं तर डब्यातच घाम सुटतो, बहुतेक वेळा मऊ पडण्याचं कारण तेच असतं. दुसरीने लिहिलंय की लोहाराने पत्र्याचा साचा करून दिला, पण बिस्किटावर काळी रेघ उठते. साचा पहिल्यांदा वापरण्याआधी राखेने घासून, गरम पाण्याने धुवून, तेलाचं बोट लावून पुसून काढा. डाग तरीही आला तर तो पत्रा खाण्याच्या कामाला नको, स्टीलच्या पट्टीचा करून घ्या. आणि स्टीलचा नसेल तोवर दरवेळी धुतल्यावर साचा लगेच पुसून चुलीच्या उबेशी ठेवा, ओला राहिला की रात्रीत गंज धरतो.